टाच ओळंब्याखाली आली तो दिवस

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून केलेलं काम म्हणजे घेवडा निवडला. मोठं असं काही नाही. मळणी होऊन दोन दिवस झाले होते, ढीग ओसरीवर पडला होता. बायको खुर्चीवर बसली होती, ऑपरेशनचा पाय पालथ्या घमेल्यावर गोधडीची घडी ठेवून तिच्यावर टेकवलेला. सूप तिच्या मांडीवर. मी खाली जमिनीवर. वाकून खाली टाकता येत नव्हतं म्हणून ती खडे नि किडके दाणे माझ्या अंगावर फेकत होती आणि मी ते उचलून कोंबड्यांकडं भिरकावत होतो. एक दाणा नेमका माझ्या कानात बसला.

"बसला का न्याम?" ती म्हणाली. "पलटणीत मी जायाला पायजे हुतं. तुमी उगंच गेलासा."

सकाळचे दहा वाजले असतील. तिच्या पोटात त्या वेळी कपभर कोरा चहा आणि माझ्या हातानं दिलेल्या दोन पांढऱ्या गोळ्या, एवढंच होतं. हे आधीच लिहून टाकतो. म्हणजे पुढं लपवावंसं वाटलं तरी लपवता येणार नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. रहिमतपूरजवळच्या गावात जन्म गेला, मधली बारा-तेरा वर्षं फौजेत खेचरांच्या कंपनीत गेली. लिहायची सवय नाही. पण ही गोष्ट गावात वेगळी सांगितली जाते, देवीनं बोलावून नेलं म्हणतात, म्हणून लिहितो.

श्रावणात ती ओढ्यावर धुणं धुवायला गेली आणि शेवाळलेल्या दगडावरून गुडघ्यावर पडली. वाटी फुटली, तीन तुकडे झाले. तिचं माहेर पलूसकडचं, तिच्या भावानं सांगलीचा हाडांचा डॉक्टर सांगितला. तिथं नेली. डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, तुकडे जोडून उपयोग नाही, वाटीच काढावी लागेल. मी विचारलं, वाटीबिगर गुडघा चालंल का? तो म्हणाला, चालेल, पण चालवावा लागेल. परदेशात आता अख्खा सांधाच काढून धातूचा बसवतात, आपल्याकडं अजून ते आलेलं नाही. आपल्याकडं आहे तोच गुडघा रोज वाकवायचा.

ऑपरेशन झालं. तिला शुद्धीवर यायला लय वेळ लागला. आली तेव्हा ओकत होती, मला ओळखत नव्हती, मेलेल्या आईशी बोलत होती. नीट झाल्यावर तिनं माझा हात धरला. "आवं, काय बी करा. ती भूल मला पुन्यांदा द्यायची न्हाई. मी परत आले, पर सगळी न्हाई आले."

मी शब्द दिला. सगळं त्या शब्दावर फिरलं.

सहा आठवड्यांनी पितरपाठात प्लास्टर कापलं. आतून पाय निघाला तो वाळक्या लाकडासारखा, सरळ. डॉक्टरनं वाकवून बघितला तर बोटभर हलला आणि ती किंचाळली. डॉक्टर माणूस चांगला, समजावून सांगणारा. दोघांना समोर बसवून म्हणाला, "बाबा, आता दुखणारच. दुखणं थांबायची वाट बघत बसलात तर गुडघा असाच धरेल. दुखण्याची ही पांढरी गोळी घ्यायची, अर्धा तास थांबायचं, गरम पाण्यानं शेकायचं, मग वाकवायचा. झालं की पाय उंच ठेवायचा. गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक. आणि जेवल्यावरच. पोटात अन्न पाहिजे. या लाल गोळ्या रक्तवाढीच्या, यांनी शौचाला काळं होईल, घाबरू नका. दसऱ्यानंतर या. तोवर गुडघा काटकोनात आला पाहिजे. नाही आला तर भूल देऊन मला जोरानं वाकवावा लागेल."

भूल म्हटल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. बाकीचं तिनं काही ऐकलं नसावं. मी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं.

घरी आल्यावर मी कामाला लागलो. काटकोन म्हणजे काय ते गवंडीकाम बघितलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. सुतळीला दगड बांधून ओळंबा केला. तिला खुर्चीवर बसवायचं, गुडघ्यावरून ओळंबा सोडायचा. टाच त्या दगडाखाली आली की काटकोन झाला. पहिल्या दिवशी टाच ओळंब्यापासून हातभर लांब होती. जमिनीवर कोळशानं रेघ मारली. रोज टाच जिथवर येईल तिथं नवी रेघ. खुर्ची तीच, बैठकीला मधोमध भोक पाडून वर फळी टाकलेली. फळी काढली की खाली भांडं ठेवायचं, कारण तिला उकिडवं बसता येत नव्हतं. भांडं मीच टाकून यायचो. पहिल्या दिवशी ती लाजेनं रडली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "राणीला बी असं शिंव्हासन नसंल."

वाकवताना मी खाली बसून एक हात मांडीखाली आणि एक घोट्यावर धरायचो. खेचराचा आखडलेला पाय असाच मोकळा करतात. जनावराचं तोंड बघायचं नसतं, डोळा बघायचा असतो. डोळा फिरला की थांबायचं. तिचा डोळा फिरायचा आणि मी थांबायचो नाही, एवढाच फरक.

"मी काय तुमच्या कंपनीतलं खेचर हाय व्हय?"

"खेचर बरं. लाथ मारतं, पर तोंड चालवत न्हाई."

"सोडा! आवं सोडा!" आणि मग कळ वर चढली की, "सोड मेल्या! मुडदा बशिवला तुजा, सोड!" चाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. कळ उतरली की पदर डोक्यावर ओढून घ्यायची आणि भिंतीकडं बघत म्हणायची, "किती आली?"

"दोन बोटं."

"उद्या तीन आना."

शेजारच्या खणात माझी भावजय राहते, धाकट्या भावाची बायको. ती दारातून म्हणायची, "भावजी, जीव घेताय का त्यांचा?" मी म्हणायचो, "तू भाकरी थाप."

दुखणं मी जवळून बघितलं. वाकवल्यानंतर गुडघा वांग्यासारखा फुगायचा, हात ठेवला की आतून टकटक लागायची. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायचो, निर्गुडीचा पाला पाण्यात उकळायचो. पहिले दहा-बारा दिवस सगळं डॉक्टरच्या सांगण्याबरहुकूम झालं. सकाळी भाकरी, भाकरीवर गोळी, मग शेक, मग वाकवणं. रेघा सरकत होत्या. हाताची वीत राहिली.

मग घट बसले.

आदल्या दिवशी ती म्हणाली, "मी उपास धरनार हाय. नऊ दिस."

"कुनाला इचारून?"

"देवीला. प्लाष्टर हुतं तवाच बोलले हुते. हा पाय चालता कर, पयल्या नवरात्रात नऊ दिस अन्नाला शिवनार न्हाई. दिवा लागल्यावर मूठभर शेंगा, गूळ. बास."

आमच्याकडं नवरात्र कडक. बायका पायात वहाण घालत नाहीत, खाटेवर झोपत नाहीत. तिला खाली बसता येत नव्हतं म्हणून खाट सुटत नव्हती, आणि त्याचंच तिला लागलं होतं. खाटेचा नेम मोडला म्हणून उपास तरी मोडणार नाही, असं तिनं धरलं होतं.

मी म्हणालो, "डॉक्टर म्हनलाय गोळी जेवल्यावर."

"मग गोळी नगं."

"गोळीबिगर वाकवून देशील?"

बिनगोळीचं एकदा करून बघितलं होतं. तेव्हा तिची दातखीळ बसली होती.

"मग आसं करू," मी म्हणालो, "वाकवायचं नऊ दिस बंद."

"आनि दसऱ्याला काय दावनार? भूल घेऊ?" तिचा आवाज चढला. "तुमी शबुद दिलाय."

"मग उपास सोड."

"तुमी सांगा तसं देवीला. तुमच्या तोंडानं सांगा."

मी देवीसमोर जाऊन काही सांगितलं नाही. खरं लिहायचं तर मला डॉक्टरपेक्षा देवीची भीती जास्त होती. डॉक्टर सांगलीत बसलेला, देवी घरात बसलेली. नवस मोडला आणि गुडघा तसाच राहिला तर आयुष्यभर तिनं मला तेच ऐकवलं असतं, आणि मीही ते मानलं असतं.

"चहा घेते की," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली. "चहा काय पोटात जात न्हाई? गोळी काय भाकरी मोजत बसती व्हय?"

मी हसलो. आणि गोळी दिली.

संध्याकाळी शेंगा खाल्ल्यावर वाकवलं असतं तर? हा प्रश्न मला आता पडतो. तेव्हा सकाळी शेकल्यावर गुडघा सैल असतो, एवढंच डोक्यात होतं. तिसऱ्या माळेला कळ वाढली, गोळी पुरेना. मी दोन दिल्या. डॉक्टरनं दिवसाला दोन सांगितल्या होत्या, मी सकाळीच दोन आणि दिवा लागल्यावर अजून दोन द्यायला लागलो. रेघा पळायला लागल्या. वितीची चार बोटं राहिली. मला वाटलं, जमलं गड्या.

पाचव्या माळेला ती छातीखाली हात दाबून बसली. "जळतंय."

"उपासाचं पित्त हाय. सोडा घे."

खायचा सोडा घेतला, ढेकर आली, बरं वाटलं म्हणाली.

सहाव्या माळेला सकाळी भांडं टाकायला नेलं तर आत डांबरासारखं काळं होतं. चिकट, आणि वास वेगळा. मी उकिरड्यापाशी थांबलो. फौजेत असताना एका खेचराचं असंच झालेलं मी बघितलं होतं. पण मग डॉक्टरचं बोलणं आठवलं, लाल गोळ्यांनी काळं होईल, घाबरू नका. आधी पण काळसर व्हायचंच. मी भांडं टाकलं, राखेनं घासलं, परत आलो. तिनं विचारलं, "काय बगत हुता तितं?" म्हणालो, "काय न्हाई."

एक सांगणं मी लक्षात ठेवलं आणि दुसरं सोडलं. सोयीचं होतं ते ठेवलं.

सातव्या माळेला सकाळी तिचं तोंड पांढरंफटक होतं. ओठाला रंग नव्हता. मी म्हणालो, आज राहू दे. ती म्हणाली, "किती राहिलंय?"

"दोन बोटं."

"मग राहू दे कशाला?"

दोन गोळ्या दिल्या. शेकलं. ओळंबा सोडला. या खेपेला तिनं शिवी दिली नाही. पदराचा बोळा दातात धरला आणि माझ्या डोक्यावरचे केस मुठीत धरले. मी घोटा मागं सरकवत गेलो. दगड हलत होता, म्हणून मी थांबलो आणि दगड थांबायची वाट बघितली. थांबला. टाच बरोबर त्याच्याखाली होती.

"आली," मी म्हणालो.

"खोटं बोलताय."

"तूच बग."

तिला वाकून दिसेना. मी तिला खांद्याला धरून वाकवलं, तिची बोटं सुतळीला लावली आणि सुतळीवरनं खाली सोडली. तिनं दगड चाचपला, दगडाखाली स्वतःची टाच चाचपली. मग हसली. घामानं डबडबलेली होती. म्हणाली, "आता न्हाई भूल."

त्यानंतर आम्ही घेवडा निवडला.

निम्मा ढीग झाला असेल. ती म्हणाली, "जरा आत न्या, गरगरतंय." मी सूप उचललं तेवढ्यात तिला उलटी झाली. चहाच्या चोथ्यासारखी काळी. मग दुसरी. तिच्यात लाल.

घेवड्यावर पडली ती उलटी. मला तिथंच कळलं मी काय केलंय ते. कुणाला सांगावं लागलं नाही.

धाकट्या भावानं गावातली जीप आणली. रहिमतपूरला न थांबता सरळ साताऱ्याला नेली. वाटेत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती बारीक आवाजात म्हणाली, "उपासाचं काय बोलू नगासा तितं. शेरातली मानसं. हसत्यात. देवीलाच नावं ठेवत्याल."

साताऱ्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. नाडी बघितली, डोळ्याची पापणी ओढून बघितली आणि धावपळ सुरू केली. सुई लावता लावता विचारलं, "कसल्या गोळ्या चालू आहेत?" मी पुडी दाखवली.

"किती घेत होत्या?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "दोन. सांगलीच्या डाक्टरनं सांगितल्यात तशाच."

"जेवून?"

"जेवून."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. "खरं का, बाबा?"

ती खाटेवरून माझ्याकडं बघत होती. मी चाळीस वर्षं ते डोळे बघितलेले. मी मान हलवली. व्हय म्हणून.

डॉक्टर म्हणाला, "मग इतका रक्तस्राव..." आणि रक्ताची बाटली बघायला गेला. त्यानं जे करायचं ते सगळं केलं. माझं रक्त काढून बघितलं, जुळलं नाही. भावाचं जुळलं. ते चढायला लागलं तेव्हा तिचे हात थंड झाले होते. मी खरं बोललो असतो तर वाचली असती का, मला ठाऊक नाही. त्यालाही ठाऊक नसेल. पण त्यानं विचारलं होतं आणि मी मान हलवली होती.

दिवस मावळायच्या आधी ती गेली. शुद्धीत होती तोवर एकदाच बोलली. "घेवडा आत घ्या. वल लागंल."

पोरगा सरहद्दीवर, त्याला तार केली. येणं होणार नव्हतंच. गावी आणली आणि त्याच रात्री मी अग्नी दिला. तिला उचलताना कुणीतरी तिचा पाय सरळ करायला गेला. मी म्हणालो, त्या पायाला हात लावू नका.

आमच्याकडं माणूस गेलं की खणात दिवा लावतात, शेजारी पीठ पसरून त्यावर पाटी झाकतात. सकाळी पाटी उचलून बघतात. पिठात जे पाऊल उमटलं असेल त्या जन्माला जीव गेला म्हणायचं.

सकाळी बायका जमल्या. आठवी माळ होती, पण सुतकामुळं आमच्या घटावर माळ चढली नाही. मी अंगरखा घातला, गोळ्यांची पुडी खिशात टाकली. कोनाड्यातला ओळंबा दिसला, तो राहू दिला.

भावजय म्हणाली, "भावजी, थांबा की. पाटी उचलायचीय. पाऊल बगा."

"तिचं पाऊल मला ठावं हाय."

"आवं, कुटं निघालासा? अग्नी दिलेल्या मानसानं उंबरा वलांडू नये. सुतक हाय."

"सांगलीला."

भाऊ दारात आडवा आला. "दादा, लोक काय म्हनत्याल?"

"देवीनं नेली म्हनत्याल," मी म्हणालो. "म्हनून चाललोय. सर बाजूला."

रहिमतपूर स्टेशनापर्यंत अनवाणी चालत गेलो आणि पॅसेंजर धरली. सांगलीत डॉक्टरच्या व्हरांड्यात रांग होती. मी रांगेत बसलो नाही, सरळ आत गेलो. तो एकाचा हात बघत होता. मला बघून म्हणाला, "बाबा, दसरा अजून व्हायचाय. पेशंट कुठाय? गुडघा किती आला?"

"काटकोनात आला," मी म्हणालो. "बाई गेली."

त्यानं समोरच्या माणसाला बाहेर पाठवलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. नवस, चहा, सकाळच्या दोन, संध्याकाळच्या दोन, काळं भांडं, साताऱ्यात हलवलेली मान. पुडी टेबलावर ठेवली. मी त्याला दोष द्यायला आलो नाही, हे पण सांगितलं. त्यानं पुडी उघडून उरलेल्या गोळ्या मोजल्या. मग म्हणाला, "जेवल्यावर घ्या एवढं मी रोज सांगतो. उपास आहे का, हे मी कधी विचारलं नाही."

बाहेर आलो.

व्हरांड्यात बाकावर एक बाई बसली होती, आमच्या बाईपेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. गुडघ्याला पट्टी, शेजारी काठी. तिचा नवरा कंपाउंडरकडनं पुडी घेऊन आला, त्यातली एक पांढरी गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि तांब्या पुढं केला. तिचे पाय अनवाणी होते.

मी पुढं होऊन तांब्यावर हात ठेवला. "ताई, जेवलीस का?"

नवरा म्हणाला, "ओ पावनं, काय चाललंय?"

बाई म्हणाली, "आटवी माळ हाय न्हवं आज. उपास हाय."

"मग ही गोळी आत्ता न्हाई घ्यायची."

"तुमी कोन सांगनार? डाक्टर हायसा व्हय?"

"न्हाई," मी म्हणालो. "माझी बाई काल गेली. ह्याच गोळीनं. मी दिली, उपाशीपोटी."

तिनं मूठ मिटली. नवऱ्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मग आपल्या गठुड्याकडं बघितलं. त्यात त्याची भाकरी होती.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "देवीचा हाय. मोडायचा न्हाई."

मी तिच्यासमोर फरशीवर बसलो. येणारे जाणारे मला ओलांडून जात होते. नवऱ्यानं गठुडं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडून पुढं केला. तिनं तोंड फिरवलं.

ती खाईपर्यंत मी उठलो नाही.